सगळ्यात खात्रीची तूर

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही हो! एक जुना होईपर्यंत दुसरा घडतो, आणि दुसऱ्यावर हसून होत नाही तोवर तिसरा असा घडतो की हसायचं राहूनच जातं. शनिवारी मंडळी जमली की कुणीतरी विचारतंच, "काय गं, तुमच्या डाळ कंपनीत नवीन काय?" म्हटलं, एकदाच सगळं सांगून टाकावं. परत कुणी विचारायचं नाही.

आधी कंपनी सांगते. इथं परदेशात, पाया लेबार नावाच्या भागात, एका मॉलच्या डोक्यावर, आठव्या मजल्यावर आमचं ऑफिस. ज्या देशात कुणी हौसेनं कुंडीतसुद्धा तूर लावत नाही, तिथं बसून आम्ही भारतातल्या डाळींचा नकाशा बनवतो. उपग्रहाचे फोटो घ्यायचे, कुठल्या शेतात तूर, कुठं मूग, कुठं हरभरा ते रंगवायचं, आणि यंदा पीक किती येईल हा अंदाज तांजोंग पगार भागातल्या डाळीच्या व्यापाऱ्यांना विकायचा. मी पुण्याची. नकाशे जुळवणं आणि साफ करणं हे माझं काम. अनिरुद्धही पुण्याचाच, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करून आलेला. कॉम्प्युटरला पीक ओळखायला शिकवणं हे त्याचं काम. त्या शिकलेल्या प्रोग्रामला आम्ही मॉडेल म्हणतो. केल्विन आमचा बॉस, इथलाच. माणूस वाईट नाही, पण डाळ त्यानं फक्त प्राट्याच्या, म्हणजे इथल्या पराठ्याच्या, बाजूच्या वाटीत पाहिलेली.

आणि जाधवसाहेब. लातूरकडचे, पन्नाशीचे, शेतकी पदवीधर. उपग्रहाच्या फोटोतल्या धुरकट चौकोनाकडे बघून ही तूर आहे की कापूस, हे सांगू शकणारा अख्ख्या ऑफिसात हा एकच माणूस. माउसनं शेताभोवती रेघ ओढायची आणि वर लिहायचं 'तूर'. दिवसभर हेच, पाच वर्षं. त्या रेघांवरून अनिरुद्धचं मॉडेल शिकायचं. म्हणजे रोज आठ तास जाधवसाहेब आपल्याच खुर्चीत बसणाऱ्याला शिकवत होते! हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. त्यांचा पास, म्हणजे इथं राहून काम करायचा परवाना, यंदा रिन्यू व्हायचा होता आणि मुलीची, श्रावणीची, ओ-लेव्हल, म्हणजे इथली दहावी, पुढच्या वर्षी होती. एवढं एक वर्ष निघावं, इतकीच त्यांची मागणी.

*

नवीन नवीन होतो तेव्हाची गोष्ट. केल्विन इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला 'लाह'चं शेपूट लावून म्हणाला, "डाळ म्हणजे डाळ लाह! एकच रंग द्या. इतके रंग कशाला?"

जाधवसाहेब रविवारी लिटल इंडियात, भारतीय दुकानांच्या पेठेत, गेले, आणि सोमवारी टेबलावर अकरा काचेच्या बरण्या ओळीनं मांडल्या. तूर, मूग, उडीद, मटकी, हरभरा, मसूर, कुळीथ, सगळं सालासकट, आख्खं. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. केल्विनला पंधरा मिनिटं समजावलं. तोही बिचारा मान डोलावत होता, एक दोन फोटोसुद्धा काढले त्यानं.

मंगळवारी सकाळी बरण्या गायब! इमारतीच्या व्यवस्थापनाचा मेल सगळ्यांना: "आठव्या मजल्यावर अनोळखी बिया आढळल्या आहेत. कीड होऊ नये म्हणून त्या नष्ट करण्यात आल्या."

डाळी ओळखून देणारी कंपनी, आणि तिच्याच टेबलावर अनोळखी बिया! आम्ही पोट धरून हसलो. जाधवसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "नष्ट कशा केल्या असतील ओ? शिजवून खाल्ल्या असत्या तरी चाललं असतं."

*

नुसत्या फोटोवर भागत नाही. कुणीतरी शेतात जाऊन "होय, इथं हरभराच आहे" असं सांगावं लागतं. त्यासाठी भारतात आमचे सर्वेक्षक आहेत. शेताच्या कडेला उभं राहायचं, मोबाइलवर फोटो घ्यायचा, पिकाचं नाव टाकायचं, जागा आपोआप नोंदली जाते. सोपं काम!

एकदा बघते तर एकाच ठिपक्यावर बावीस नोंदी. हरभरा, तूर, ज्वारी, करडई, द्राक्षंसुद्धा. सगळं एकाच जागी!

केल्विन हरखला. "अमेझिंग! इतकं वैविध्य! हे स्लाइडमध्ये घाला." आणि मी घातलं, काय करता! क्लायंटसमोर तो ठिपका मोठा करून दाखवला. 'आदर्श मिश्रशेती' असं नावही दिलं.

जाधवसाहेबांनी नंतर मला हळूच बोलावलं. ठिपक्याखालचा फोटो मोठा करून दाखवला. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चार मोटारसायकली. त्या भागात मोबाइलला रेंज फक्त तिथंच. पोरं दिवसभर उन्हातान्हात शेतं हिंडायची, आणि सगळ्या नोंदी संध्याकाळी तिथं बसून पाठवायची. आमचं ॲप एवढं हुशार की फोटो काढल्याची जागा न धरता पाठवल्याची जागा धरायचं!

"मॅडम, ही चहाची टपरी हाय," ते म्हणाले. "इथं फार फार तर भजी पिकतात."

केल्विनला सांगितलं. तो म्हणाला, "क्लायंटला ती स्लाइड फार आवडली आहे." स्लाइड अजून आहे.

*

मराठवाड्यात सोयाबीनच्या चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या लावतात, हे लातूर-उस्मानाबादकडच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. आमच्या सॉफ्टवेअरला नव्हतं. त्याच्या लेखी एका शेतात एकच पीक. खाली यादी उघडते, त्यातलं एक निवडा.

जाधवसाहेब दोन दिवस त्या यादीवर अडून बसले. केल्विन आला. "मिस्टर जाधव, जस्ट चूज वन."

"साहेब, शेतकऱ्यानं चूज केलं नाही, मी कसं करू?"

केल्विन मनापासून म्हणाला, "देन द फार्मर इज कन्फ्यूज्ड लाह!"

झालं. सगळीकडे सोयाबीन लिहिलं. पुढं सोयाबीन काढून झालं, आणि रिकाम्या रानात तुरीच्या ओळी पुरुषभर उंच उभ्या राहिल्या. आता मॉडेलला प्रश्न पडला: सोयाबीन तर गेलं, मग हे हिरवं काय? त्यानं ठरवलं, झुडपं! तालुक्यामागून तालुके आमच्या नकाशावर झुडपी जंगल झाले.

तो नकाशा फुकट नमुना म्हणून आम्ही इकडेतिकडे वाटला होता. महिन्याभरात एका पर्यावरणवाल्या संस्थेचं पत्र आलं. मराठवाड्यात झुडपांचं आच्छादन इतकं झपाट्यानं वाढल्याबद्दल अभिनंदन! केल्विननं ते पँट्रीत लावलं. जाधवसाहेब रोज डबा खायला त्याच्याच खाली बसायचे, कारण खुर्ची तेवढीच मोकळी असायची. डब्यात वरण असायचं.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगते.

नकाशा तयार झाला की त्यावर बारीक बारीक ठिपके उरतात. क्लायंटला ते नको असतात. त्याला मोठे, गुळगुळीत पट्टे हवेत. म्हणून एक चाळणी लावतात. चार एकराच्या खालचा प्रत्येक तुकडा उडतो आणि शेजारच्या मोठ्या रंगात मिसळतो. या ठिपक्यांना आमच्या धंद्यात 'नॉइज' म्हणतात. मी बटण दाबायचे. मीच. कॉफी घेऊन येईपर्यंत नकाशा स्वच्छ!

एक दिवस जाधवसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. म्हणाले, "मॅडम, हे काय गेलं?"

"काही नाही हो, कचरा."

"कचरा नाही ओ. हे माझ्या मामाचं. हे आमच्या मास्तरांचं. ही सगळी गल्ली हाय आमची. वाटण्या झाल्यावर चार एकर राहतंय कुणाचं?"

 मी केल्विनकडे गेले, भांडले, अगदी तावातावानं. तो म्हणाला, क्लायंटला स्वच्छ नकाशा हवाय. मग मी परत येऊन बसले, आणि, खरं सांगते, पुन्हा तेच बटण दाबलं. माझाही पास आहे, माझंही घर आहे. तांजोंग पगारहून दुसऱ्या दिवशी एका ओळीचा मेल आला: "व्हेरी क्लीन!"

*

अनिरुद्धवर माझा राग आहे आणि नाहीही. पोरगा हुशार, जाधवसाहेबांना 'काका, काका' करायचा. एकदा वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसला. "काका, तुम्ही तूर ओळखता कशी?"

"दिसतीय की."

"तसं नाही काका, नियम सांगा."

जाधवसाहेबांनी खूप विचार केला. "बघ, थंडीत सगळी रानं पिवळी पडतात. तरीबी जे उशिरापर्यंत हिरवं राहतंय, आणि कडेनं दाट, मधी विरळ दिसतंय, ती तूर."

अनिरुद्धनं एवढंच कॉम्प्युटरला शिकवलं आणि मॉडेल एका आठवड्यात सुधारलं! त्यावर त्यानं मोठा शोधनिबंध लिहिला, परदेशी परिषदेत वाचला, बढती घेतली. पार्टी दिली, जाधवसाहेबांना आग्रहानं दोन गुलाबजाम जास्त वाढले. जाधवसाहेबांनी सगळा निबंध वाचला हं, शब्दकोश घेऊन. शेवटच्या पानावर आभार होते: 'एका अनुभवी तज्ज्ञाच्या सूचनांबद्दल ऋणी आहोत.'

ते माझ्याकडे आले. "मॅडम, हे तज्ज्ञ कोण ओ? त्यांची तूर अगदी माझ्यासारखी हाय."

*

मग पासचा विषय निघाला. एचआरच्या बाईंनी जाधवसाहेबांना विचारलं, "जे मॉडेलला जमत नाही, असं तुम्हाला काय जमतं?" केल्विननं त्यांची बाजू घेतली, खोटं कशाला बोलू. म्हणाला, परीक्षा घेऊ. तीच शेतं मॉडेलला द्या, तीच मिस्टर जाधवना द्या. ज्याचं जास्त बरोबर, तो जिंकला.

जाधवसाहेब सकाळी आंघोळ करून, गंध लावून आले. कपाळावरचा टिळा लिफ्टमध्ये पुसला होता, पण थोडा राहिलाच होता. तीन तास मान वर केली नाही. आम्ही सगळे आपापल्या कामाचं नाटक करत बसलेलो.

निकाल लागला. मॉडेल जिंकलं!

मला ते पटेना. मी उत्तरं उघडून बघितली. बरोबर कुणाचं, हे ठरवलं होतं कशावरून? पाच वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या महिन्यात, जाधवसाहेबांनीच ओढलेल्या रेघांवरून! तेव्हा ते नवखे होते, फोटो वाचायची सवय नव्हती, बऱ्याच जागी चुकले होते. मॉडेलनं त्या चुका तशाच्या तशा गिरवल्या. जाधवसाहेबांनी आज त्या दुरुस्त केल्या. जेवढ्या दुरुस्त्या, तेवढे गुण कापले!

मी छापील कागद घेऊन एचआरकडे गेले. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मिस्टर जाधवनीच मिस्टर जाधवना हरवलं. मग आम्ही काय करणार?"

जाधवसाहेबांनी घरी श्रावणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, जस्ट अपील लाह!" अपील केलं. पास गेला तो गेलाच.

*

आणि हा शेवटचा.

त्यांची नोटीस चालू होती तेव्हाच तांजोंग पगारच्या एका मोठ्या क्लायंटपुढं आमचं सादरीकरण ठरलं. केल्विन म्हणाला, अख्ख्या भारतात ज्या शेताबद्दल मॉडेलला सगळ्यात जास्त खात्री आहे, ते एक शेत भिंतीभर मोठं करून दाखवू. अनिरुद्धनं ते शोधलं. मी नकाशा केला. ओढ्याच्या वळणात बसलेलं सहा एकरांचं त्रिकोणी शेत, कोपऱ्यात विहीर, बांधावर चिंच. वर तुरीचा दाट रंग.

पडदा उजळला आणि माझ्या शेजारी बसलेले जाधवसाहेब खुर्चीत एकदम पुढं सरकले. क्लायंटचे म्हातारे गृहस्थ पिढीजात डाळीचे व्यापारी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मशीनचं राहू द्या. हे शेत कुणा माणसानं पाहिलंय का?"

केल्विननं जाधवसाहेबांकडे हात केला. जाधवसाहेब उठले. म्हणाले, "सर, आय हॅव ईटन फ्रॉम धिस फील्ड."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या, करार झाला.

खाली आल्यावर मी त्यांना हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसवलं, कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवली. ते कपाकडे बघत म्हणाले, "माझं हाय ते. माझ्या बापाचं."

मग सगळं सांगितलं. पाच वर्षं रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पहिली रेघ ते आपल्या शेताभोवती ओढायचे. पहिला मान घरच्या शेताला. तिथं सोयाबीन असो, हरभरा असो, नाहीतर नुसती ढेकळं, जाधवसाहेब लिहायचे तूर. रोज. देवाला हात जोडल्यासारखं. मॉडेलनं ते पाठ करून टाकलं होतं. तिथं काहीही दिसू दे, ते तूरच म्हणणार!

"आणि आत्ता काय आहे तिथं?" मी विचारलं.

त्यांनी फोनवर उपग्रहाचा ताजा फोटो उघडून दाखवला. करडे पट्टे, एकाशेजारी एक, त्यावर गाड्यांच्या रांगा. ना विहीर, ना चिंच. "टोलनाका," ते म्हणाले. "महामार्गात गेलं सगळं. दोन वर्षांमागच्या दिवाळीत सह्या करून आलो. मी आणि धाकटा भाऊ, दोघांनीच."

आमच्या नकाशाखाली आम्ही नेहमी जुना, बिनढगांचा फोटो घालतो. त्यामुळं भिंतीवर टोलनाका दिसला नव्हता.

"वहिनींना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. "कसं सांगू? पास जाणार कळल्यापासून रोज म्हणतीय, काळजी करू नका, शेत हाय आपलं. तेवढ्या एका गोष्टीवर उभी हाय ती."

शेवटच्या शुक्रवारी निरोप समारंभ झाला. केक, भाषण, आणि भलीमोठी भेट, कागदात गुंडाळलेली. आदल्या आठवड्यात एचआरनं माझ्याकडून एक फाइल मागून घेतली होती, कशाला ते सांगितलं नव्हतं. मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, याचा राग मला अजून येतो.

भेट एकट्याला उचलेना, म्हणून मी बरोबर निघाले. मेट्रोच्या सर्कल लाइननं बिशान, तिथून गाडी बदलून तोआ पायोहला त्यांच्या घरी. दोघांनी दोन टोकं धरलेली. दारात वहिनी उभ्याच होत्या. "या ताई, या! काय एवढं मोठं दिलं?" म्हणत त्यांनी कागद फाडला.

फ्रेम. काच. आत तेच त्रिकोणी शेत.

"अगं बाई! अहो, हे तर आपलं!" वहिनी खाली बसल्याच तिच्यापुढं. काचेवरून बोट फिरवायला लागल्या. "हा ओढा. ही चिंच. ही बघ श्रावणी, आजोबांची विहीर! आणि हा रंग कसला हो एवढा?"

श्रावणीनं खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, "तूर, मम्मी. धिस इयर वन."

"सगळं रान भरलंय की! म्हणजे भावजींनी यंदा नीट लक्ष दिलंय. मी उगाच नावं ठेवत होते त्यांना." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्या एकदम मोकळ्या हसल्या. "जाऊ दे तो पास! आपलं काय अडलंय? अहो, तुमचं तर कामच हे. नीट बघून सांगा ना, किती होईल यंदा?"

जाधवसाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. गुडघ्यावर बसून काचेत वाकून बघितलं, ऑफिसात बघायचे तसं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"पंचवीस पोती तरी होईल," ते म्हणाले.